चौदा ऑक्टोबरची मुलगी

जिमखान्याच्या फळ्यावरचा कागद प्रेमिलाने तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा शेवटच्या ओळीपाशी तिचा श्वास अडकला. धावताना श्वास अडकायची तिला सवय होती, उभ्या उभ्या अडकायची नव्हती. कागदात तसं काही विशेष नव्हतं. डोळ्यांच्या साथीमुळे जबलपूरच्या आंतरविद्यापीठ मैदानी स्पर्धा सहा ऑक्टोबरऐवजी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात होतील. खेळाडूंनी प्रवासाचे फॉर्म परत द्यावेत. सराव चालू ठेवावा. पंचवीस वर्षांच्या आतलं वय ही अट नव्या तारखेला धरून मोजली जाईल. एवढंच. शेजारी उभी असलेली गोळाफेकवाली मुलगी खूश होऊन म्हणाली, "बरं झालं बाप्पा, माझा खांदा तोवर बसेल," आणि काळा चष्मा सावरत निघूनही गेली. प्रेमिला तिथेच राहिली. सकाळच्या चार फेऱ्यांनी पोटऱ्या अजून गरम होत्या, मानेवरून घाम उतरत होता, आणि डोकं मात्र थंड पडत चाललं होतं. ती बोटांवर महिने मोजू लागली. मोजायची काही गरज नव्हती. चौदा ऑक्टोबरला कागदोपत्री तिची पंचवीस पूर्ण होत होती. सहा तारखेला ती धावू शकली असती, पंधराला नाही. मध्ये आठ दिवसांची फट होती, त्या फटीतून ती जबलपूरला निसटणार होती. आता ती फट कोणाकोणाच्या सुजलेल्या पापण्यांनी बुजवून टाकली होती, आणि भांडायला समोर एकही माणूस नव्हता.

क्रीडाशिक्षक गोपाळराव आपल्या खोलीत खिडक्या लावून बसले होते. त्यांचेही डोळे आले होते. हिरव्या कापडाची पट्टी कपाळावरून खाली सोडलेली, समोर यादी, आणि यादी वाचता येत नाही म्हणून ती नाकाला टेकवलेली. प्रेमिलाची चाहूल त्यांना पावलांवरूनच कळली. सहा वर्षं ते तिची पावलं ऐकत होते. "वाचलं?" त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली. "सकाळी तुझं नाव कापाले पेन घेतला होता. हात नाही झाला." प्रेमिला म्हणाली, "सर, मी दोन एकोणीसले आली आहे." आठशे मीटर दोन मिनिटं एकोणीस सेकंदांत. विद्यापीठात बायकांमध्ये आजवर इतक्या वेगात कोणी धावलं नव्हतं. "मले सांगून राहिली? घड्याळ कोणाच्या हातात होतं?" गोपाळराव चिडले आणि लगेच निवले. ऑगस्टमध्ये चाचणी पाहायला रेल्वेचा एक साहेब आला होता. त्याने प्रेमिलाची धाव पाहिली, तिचं शिक्षण विचारलं, आणि जाताना गोपाळरावांना सांगून गेला, जबलपूरला पहिल्या तिघींत येऊ द्या, बिलासपूरच्या ऑफिसात खेळाडूंच्या दोन जागा आहेत. त्या दिवसापासून प्रेमिला बिलासपूर न पाहताच बिलासपुरात राहत होती. तिथलं ऑफिस, तिथलं टेबल, तिथलं मैदान, एका खोलीचं क्वार्टर, दाराला आतून कडी. एम.ए.चं हे शेवटचं वर्ष. यानंतर ना विद्यापीठ, ना स्पर्धा. सावनेरचं एक स्थळ आईने दोनदा बोलून दाखवलं होतंच. "ऑफिसात चंपतरावले भेट," गोपाळराव यादीमागून म्हणाले. "जन्मतारखेच्या भानगडी त्यालेच माहीत असतात."

चंपतराव नोंदणीच्या खिडकीतला कारकून. माणूस वाईट नव्हता. नियम सांगताना त्याला जरा सुख होई एवढंच. त्याने तिचं कार्ड काढलं, तारीख पाहिली, आणि म्हणाला, "चौदा ऑक्टोबर! तुम्ही त्यातल्या काय?" त्यातल्या म्हणजे कोणातल्या हे नागपुरात समजावून सांगावं लागत नाही. तिच्या इंदोरा वस्तीत या तारखेची सात मुलं होती. शाळेत मास्तर हजेरीच्या वेळी हसत, की चौदा ऑक्टोबरला इंदोऱ्यात पाळणे कमी पडले असतील. "दुरुस्ती होते," चंपतराव सांगू लागला. "वडिलांचं प्रतिज्ञापत्र पाहिजे. तहसील कचेरीत, साहेबासमोर. चुकीनं तारीख दिली म्हणून. त्यावर शाळेचा शिक्का. पण चौदाच्या आत आणा. एकदा आमच्या रजिस्टरात पंचवीस भरले, की मग ब्रह्मदेव आला तरी मी नाव घेणार नाही." मग आवाज खाली आणून, "अहो, सगळेच करतात. तुमचं तर खरंच कमी असेल." प्रेमिलाने विचारलं, "तुम्हाले कसं माहीत?" तो म्हणाला, "चेहऱ्यावरून दिसते ना." तिला त्याचा राग आला. नुसतं पाहून वय ठरवणारा तिच्या आयुष्यातला हा दुसरा माणूस होता.

पहिल्याने पाय पाहिले होते. छप्पन सालचा नोव्हेंबर, थंडी नुकती पडू लागलेली, आणि ती बाबांचं बोट धरून शाळेच्या पडवीत उभी. त्याआधी ती आईबरोबर विड्यांची पानं कापायला बसायची. कात्रीने तिच्या अंगठ्याला घट्टा पडला होता. पण महिन्यापूर्वी बाबा पांढरे कपडे घालून त्या मैदानावर गेले, लाखो माणसांत उभे राहिले, नवा धम्म घेऊन घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी कात्री उचलून फळीवर ठेवली. पोरगी शाळेत जाईल. बस. गिरणीत कापडाचा साचा चालवणारा बळीराम घरात फारसा बोलत नसे, पण एकदा बोलला की ते शब्द भिंतीत खिळा मारल्यासारखे तिथेच राहायचे. हेडमास्तरांनी चष्म्यावरून प्रेमिलाकडे पाहिलं, मग खाली तिच्या पायांकडे. लांब, हडकुळे, गुडघ्यावर खरवडलेले पाय. "दहाची तर असेल," ते म्हणाले. "पाय पाहा हिचे." बाबा म्हणाले, "असेल." सन ठरला. तारखेच्या जागी मास्तरांनी सवयीने एक जुलै लिहायला घेतलं. वर्गातल्या अर्ध्या पोरांचा जन्म एक जुलैचा होता. तेव्हा बाबा पुढे झाले. "मास्तर, चौदा ऑक्टोबर लिहा." मास्तर म्हणाले, "अरे, त्या दिवशी तर तुमचं ते झालं ना?" बाबा म्हणाले, "त्याच दिवशी आमी जन्मलो. पोरगी आमच्याच घरची आहे." मास्तर हसले, बाबा हसले नाहीत. टाक दौतीत बुडला आणि तारीख झाली. प्रेमिलाला तेव्हा एवढंच कळलं, की आपल्याला काहीतरी मिळालं आहे आणि ते चांगलं आहे. पुढे दर वर्षी त्या दिवशी बाबा बुंदीचा पुडा आणीत. बाकीच्या घरी नुसता दिवस साजरा व्हायचा, यांच्या घरी दिवस आणि पोरगी दोन्ही. तिला वाटायचं, बाबांनी आपल्याला जगातली सगळ्यात मोठी तारीख दिली. आता सायकलवरून घरी जाताना ती त्याच तारखेला मनातल्या मनात शिव्या देत होती आणि प्रत्येक शिवीनंतर तिला कोणीतरी मागून ऐकत असल्यासारखं वाटत होतं.

सदर बाजारातून जाताना रस्ताभर काळे चष्मे. दुकानदार, टांगेवाले, पोलीस, भाजी विकणाऱ्या बाया. पेपरात आलं होतं, की ही साथ आफ्रिकेतून निघाली, देशोदेशी फिरली, मुंबईत उतरली, आणि आता गाडीत बसून इकडे आली. कोणी बंगालच्या बाजूने आली म्हणत. प्रेमिलाला तिच्या वाटेशी काही देणंघेणं नव्हतं. पण एवढं जग फिरून ही बया नेमकी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कशी पोचली, दोन महिने आधी का नाही, आठ दिवस उशिरा का नाही, हा प्रश्न तिच्या डोक्यात सायकलच्या चाकाबरोबर फिरत राहिला. कोणाचेही लाल डोळे दिसले की ती नजर वळवी. पाहिल्याने लागते असं सगळे म्हणत, आणि एम.ए.ला बसलेली प्रेमिला मनातून ते खरं मानत होती. घरी येईपर्यंत तिचेच डोळे खाजायला लागले. आरशात पाहिलं तर स्वच्छ. दहा मिनिटांनी पुन्हा पाहिलं. रात्रीतून तीनदा ती उठली आणि उशीला पाणी लागलं आहे का ते हाताने चाचपलं.

आईला विचारायला सोपं होतं. तुळसाबाई परसात भांडी घासत बसली होती. "आई, मी जन्मली तवा काय होतं वं?" तुळसाबाईने राखेचा हात थांबवला नाही. "गांधीबाबा गेले तवा तू मांडीवर होती माह्या. वीसबावीस दिवसाची. सारी दुकानं बंद. बाळंतिणीले गूळ-खोबरं भेटेना. तुह्या बापानं कुठून तं आणलं." मग हात थांबला. "काहून विचारून राहिली?" प्रेमिला म्हणाली, "असंच." अठ्ठेचाळीस सालचा जानेवारी. म्हणजे आज तेवीस. जानेवारीत धावेल तेव्हा चोवीस. आपल्या आत सव्वा वर्ष लपून बसलं होतं आणि आपल्यालाच माहीत नव्हतं, या विचाराने तिला क्षणभर हसू आलं. पण हसू टिकलं नाही. हे आईला माहीत होतं, म्हणजे बाबांनाही माहीत होतं. सांगितलं कोणीच नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं; आणि बुंदीच्या पुड्यासमोर बसून कोण विचारतो, की बाबा, हे खरं आहे का?

बाबांना विचारायला तिला चार दिवस लागले. या चार दिवसांत ती मैदानावर एकटीच पळत होती. बाकीचे घरी डोळ्यांवर ओल्या पट्ट्या ठेवून पडलेले. पांढऱ्या चुन्याच्या रेघा पुसट झालेल्या, आखणारा माळीही आजारी. घड्याळ नाही, शिट्टी नाही. नुसतं गोल गोल फिरणं. पहिल्या फेरीत ती स्वतःला सांगायची, कागद बदलला की झालं, कागदच तर आहे. दुसऱ्या फेरीत छाती भरून यायची आणि छातीबरोबर राग. हेडमास्तरांवर, चंपतरावांवर, रेल्वेच्या साहेबावर, त्या गोळाफेकवालीच्या खांद्यावरसुद्धा, आणि सगळ्यांच्या तळाशी बाबांवर. तुमच्या जन्माची तारीख माझ्या पायांत काहून बांधली? एका संध्याकाळी पळता पळता तिच्या एकदम लक्षात आलं, की मास्तरांचा एक जुलै तसाच राहिला असता तर ती जुलैतच बाद झाली असती. ऑगस्टची चाचणी नाही, रेल्वेचा साहेब नाही, दोन एकोणीस नाही. बाबांनी टाक अडवला म्हणून तिला साडेतीन महिने जास्तीचे मिळाले होते. ती थांबली, गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली. आता तरी राग जायला हवा होता. राग गेला नाही. उलट आपण कृतघ्न आहोत ही एक नवी टोचणी त्यात मिसळली आणि दोन्ही घेऊन ती पुन्हा पळायला लागली.

पाच तारखेला गिरणीतून बळीराम दुपारीच घरी आला. डोळे आलेल्यांना आत घेत नव्हते. त्याचे डोळे टोमॅटोसारखे लाल, पापण्या सुजून मिटत आलेल्या, कडेने पाणी. प्रेमिलाने आपली चटई दाराजवळ नेली, आपला टॉवेल वेगळ्या खिळ्याला टांगला, आणि बाबांना पाण्याचा गडू देताना तो जमिनीवर ठेवून मागे सरली. बळीरामने चाचपत गडू घेतला. "बरोबर करून राहिली," तो म्हणाला. "तुले धावाचं आहे." त्याने ते सरळ म्हटलं होतं, टोमणा नव्हता, आणि म्हणूनच तिला ते जास्त लागलं. मग तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. नोटीस, जानेवारी, पंचवीस, चंपतराव, तहसील कचेरी. सांगताना ती त्याच्याकडे पाहत नव्हती. पाहिलं असतं तरी त्याला दिसलं नसतं. बाहेर कोणाचा तरी रेडिओ चालू होता. "तारीख बदलाची?" त्याने विचारलं. "कागदावरची, बाबा." "कागदावरचीच तं आहे ती. दुसरीकडं कुठं आहे?" मग तो म्हणाला, "आण कागद. वाचून सही करीन."

वाचून सही करीन. हे बळीरामचं व्रतच होतं म्हणा. त्याची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. गिरणीत नवा असताना मुकादमी करणाऱ्या जॉबरने एका कागदावर त्याचा अंगठा घेतला, पगाराचा कागद आहे म्हणून. तो निघाला धोंडबाविरुद्धचा जबाब. धोंडबा शेजारच्या साच्यावरचा, एका डब्यात जेवणारा. धोंडबाला काढून टाकलं. तो बायकोपोरं घेऊन उमरेडला गेला आणि पुढे कधी रस्त्यात भेटला तरी बळीरामशी बोलला नाही. धम्म घेतल्यावर विहारात संध्याकाळचा वर्ग निघाला तेव्हा चौतिशीतला बळीराम पहिल्या ओळीत पाटी घेऊन बसला. वाचायला आल्यापासून न वाचता त्याने कशावर सही केली नव्हती. पोस्टमन कंटाळायचा, रेशनवाला हात जोडायचा, प्रेमिलाच्या कॉलेजचा फॉर्म मागच्या बारीक छापील नियमांसकट वाचायला त्याला पाऊण तास लागला होता. बोट अक्षराखालून सरकत जाई, ओठ हलत, आणि शेवटी तो सही करी ती पूर्ण नावाची, वडिलांच्या नावासकट, एकही काना न सोडता.

कचेरीच्या आवारात लिंबाखाली अर्ज लिहिणारा बसायचा. त्याच्या टाइपरायटरवर मजकूर जणू आधीच चढवलेला होता. त्याने नावं विचारली, तारखा विचारल्या, गांधीजींच्या हिशेबाने आठ जानेवारी ठरवून टाकली, आणि पाच मिनिटांत कागद ओढून हातात दिला. प्रेमिलाने उभ्या उभ्या वाचला. मी बळीराम अमुक, राहणार इंदोरा, शपथेवर सांगतो, की माझी मुलगी कुमारी प्रेमिला हिला शाळेत दाखल करतेवेळी मी अज्ञानामुळे व चुकीने तिची जन्मतारीख चौदा ऑक्टोबर एकोणीसशे सेहेचाळीस अशी सांगितली. "हे अज्ञानामुळे काढता येईल का?" तिने विचारलं. "नुसतं चुकीने ठेवा ना." तो तिच्याकडे पाहत राहिला. "बाई, मजकूर ठरलेला असते. हा शब्द नसला तं साहेब कागद वापस करते. कोणाच्या बापाले ज्ञान होतं त्या टायमाले?" आणि तो पुढच्या माणसाकडे वळला. कागद घडी करून तिने वहीत ठेवला. घरी जाईपर्यंत वही सायकलच्या मागे होती आणि तिला सारखं मागे वळून पाहावंसं वाटत होतं.

बळीरामचे डोळे तोवर पार मिटले होते. तो भिंतीला टेकून बसला होता, ओली पट्टी कपाळावर. "आणला? दे इकडं," म्हणून त्याने हात पुढे केला, कागद घेतला, पापणी दोन बोटांनी उघडायचा प्रयत्न केला, आणि तोंडातून आवाज न काढता पुन्हा मिटली. कागद त्याने परत दिला. "वाच," तो म्हणाला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा तो दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचणार होता. प्रेमिला दाराजवळ उजेडात उभी राहिली आणि वाचू लागली. आवाज स्थिर होता; गर्दीसमोर धावणारीला एवढं जमतं. शपथेवर सांगतो की, दाखल करतेवेळी, मी. इथे तिने श्वास घेतला. चुकीने तिची जन्मतारीख. दोन शब्द पायाखालून निघून गेले, अडथळ्यावरून उडी मारावी तसे. ती पुढे वाचत शेवटापर्यंत गेली. बळीराम मान हलवत ऐकत होता. "चुकीनं," तो म्हणाला. "चालते. मास्तरनं पाय पाहून साल धरलं, ते चूकच होतं." मग थोड्या वेळाने, "ठीक आहे. उद्या जाऊ." प्रेमिलाने कागद वहीत ठेवला. तिला मोकळं वाटायला हवं होतं. संध्याकाळी मैदानावर दुसऱ्याच फेरीत ती चालायला लागली. डोळ्यांत धूळ गेली असेल असं म्हणत तिने तीनदा तोंड धुतलं.

दुसऱ्या दिवशी साहेब दौऱ्यावर, त्यानंतर सुट्टी, मग साहेबांचेच डोळे आले. तेरा तारखेला जाऊन नंबर लागला. बळीराम पांढरा सदरा घालून आला होता. डोळे अजून उघडत नव्हते, उजेडाने कळ जायची, म्हणून तो काळा चष्मा लावून प्रेमिलाच्या खांद्यावर हात ठेवून चालत होता. लागण होईल म्हणून तिने इतके दिवस अंतर ठेवलं होतं. आज तो हात खांद्यावर होता आणि तिने तो काढला नाही. नायब तहसीलदारही काळ्या चष्म्यात. दोघे समोरासमोर बसले तेव्हा एकाला दुसरा दिसत होता की नाही देव जाणे. "मजकूर वाचला का?" साहेबांनी विचारलं. "नाही साहेब. डोळे आले. पोरीनं वाचून दाखवला." साहेब म्हणाले, "तसं चालत नाही. ज्याला दिसत नाही त्याला इथं, आमच्यासमोर वाचून दाखवावं लागतं," आणि त्यांनी कागद कारकुनाकडे सरकवला. प्रेमिला म्हणाली, "साहेब, मी वाचला आहे ना पुरा." कोणी लक्ष दिलं नाही. कारकून नाकात वाचू लागला, भराभर, जेवणाच्या सुट्टीच्या आधी संपवायचं म्हणून. शपथेवर सांगतो की. दाखल करतेवेळी. अज्ञानामुळे व चुकीने.

"थांबा," बळीराम म्हणाला. कारकून थांबला. "काय म्हटलं? पुन्हा वाचा." कारकुनाने पुन्हा वाचलं. "हे अज्ञान नाही साहेब. साल चुकलं असेल, मास्तरनं लिहिलं ते. पण दिवस मी समजून सांगितला होता. मले चांगलं याद आहे. तो शब्द कापा." साहेब वैतागले, पण आवाज चढवला नाही. "बाबा, समजून खोटी तारीख दिली म्हणता? मग ही दुरुस्ती होत नाही. मग तो गुन्हा होतो. चूक ही अज्ञानानं होते, असंच कागदात असतं. तसं म्हणा, नाहीतर कागद घेऊन जा. बाहेर रांग आहे." बळीरामने मान वळवली. प्रेमिला त्याच्या डावीकडे होती. तो उजवीकडे वळला, तिथे लाकडी कपाट होतं. त्या कपाटाला त्याने विचारलं, "प्रेमिला, तू वाचला होता ना कागद? होता हा शब्द?"

"होता, बाबा," ती म्हणाली.

खोलीत पंखा फिरत होता आणि टेबलावरचे कागद दगडाखाली फडफडत होते. प्रेमिलाला वाटलं, आता आपण म्हणू शकतो. राहू द्या बाबा, चला घरी. एवढे पाच शब्द. ती ते तोंडात जुळवून पाहत होती. आणि त्याच वेळी तिच्या आत दुसरं काहीतरी चालू होतं, आपोआप, पाय चालावेत तसं: शेवटची फेरी, शेवटचं वळण, पुढे दोघीजणी, आणि त्या दोघींच्या मधली जागा. ही जागा उद्या बुजणार. मग सावनेर, मग चूल, मग आयुष्यभर पोरांना सांगत बसणं की मी एकदा दोन एकोणीसला आली होती. "बोला लवकर," साहेब म्हणाले. तेव्हा तिला एक आवाज ऐकू आला, स्पष्ट, शिकलेला, कॉलेजातला. तो तिचाच होता. "साहेब, अज्ञानानंच सांगितली होती. त्यांना तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं."

खोटं त्यात काहीच नव्हतं. छप्पनच्या नोव्हेंबरात बळीरामला खरंच वाचता येत नव्हतं. पाटी त्यानंतर आली. तो कपाटाकडून टेबलाकडे वळला आणि हात पुढे केला. "पेन द्या," तो म्हणाला. कारकुनाने पेन दिला, बोट धरून जागा दाखवली. बळीरामने सही केली. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, सगळे काने, सगळ्या वेलांट्या. डोळे मिटलेले असताना ओळ जरा वर चढली एवढंच. साहेबांनी शिक्का मारला आणि पुढच्याला आत बोलावलं.

बाहेर व्हरांड्यात एक बाक रिकामा होता. बळीराम त्यावर बसला. प्रेमिलाला अजून शाळेत जायचं होतं, हेडमास्तरांचा शिक्का घ्यायचा होता, मग चंपतरावाची खिडकी पाचला बंद होण्याआधी गाठायची होती. तिने घाई आहे असं म्हटलं नाही. तिला काहीतरी बोलायचं होतं आणि ते काय हे माहीत नव्हतं. "बाबा," ती म्हणाली. तो म्हणाला, "वाच." तिला आधी कळलं नाही. "कागद वाच. मी सही केली आहे त्याच्यावर." आसपास माणसं होती, वकील, पक्षकार, चहाच्या पेल्यांची ताटली घेऊन जाणारा माणूस. ती उभी राहिली आणि वाचू लागली. मी बळीराम, राहणार इंदोरा, शपथेवर सांगतो की. शब्द यायच्या आधीच तो दिसत होता. तिने वेग कमी केला नाही, वाढवला नाही. मी अज्ञानामुळे व चुकीने. तिचा आवाज तिथे फाटला, पण शब्द बाहेर आला. मग तारीख, मग दुसरी तारीख, मग सत्य प्रतिज्ञेवर दिले असे, मग त्याचं नाव.

"आता पुरा वाचला," बळीराम म्हणाला. तो उठला, चाचपत तिचा खांदा शोधला, त्यावर हात ठेवला. पायऱ्या उतरताना त्याचं वजन तिच्यावर आलं, आणि खालच्या पायरीवर पोचल्यावर तो समोर रस्त्याकडे तोंड करून म्हणाला, "जबलपूरले विचारतील तारीख. आठ जानेवारी सांगजो. अन् अडखळजो नको."